चिंचपाखाडीचं पन्नासावं कुटुंब

घर नं. १७, चिंचपाखाडी गावठाण,
अंधेरी (पूर्व),
मंगळवार.

श्री. वॉरेन परेरा यांस, मुक्काम वसई,
थोरल्या भावाचा जय येशू.

आपण दोघं गेली पाच वर्षं एकमेकांशी बोलत नसल्यामुळे हे पत्र अहो-जाहो करून लिहावं, असा माझा विचार होता. तसा कच्चा मसुदाही केला. पण ‘आपली प्रकृती कशी आहे’ एवढं लिहून झाल्यावर पेन पुढे जाईना. ज्याचा शेंबूड मी माझ्या शर्टाच्या बाहीने पुसला, त्याला ह्या वयात ‘आपण’ म्हणणं मला जमायचं नाही. तेव्हा तू. तू बरा असशील, तुझ्या ॲनेटचं प्रेशर ताब्यात असेल, वसईला तुमच्या वाडीत केळी लागली असतील, असं धरून चालतो. माझं विचारशील (विचारणार नाहीस, पण पत्रात असं लिहायची पद्धत आहे), तर साखर वाढली आहे, डावा गुडघा गेला आहे आणि उजवा जायच्या तयारीत आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात अजून पिकला नाही. म्हणजे तोही माझ्यासारखा वाट बघत बसला आहे.

पत्र कशाला, असं तुझ्या मनात आलं असेल. तू माझा फोन उचलत नाहीस. मी शेजाऱ्याच्या फोनवरून केला, तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. चर्चच्या ऑफिसातून केला, तर ‘राँग नंबर’ म्हणालास, तेसुद्धा आपल्या बोलीत, ‘राँग नंबर हाय’ असं. पत्र मात्र पोस्टमन हातात देतो आणि माणूस ते फाडायच्या आधी निदान एकदा वाचतो. शिवाय मला सांगायचं आहे ते लांब आहे आणि त्यातलं बरंचसं माझ्याच मूर्खपणाचं आहे. असल्या गोष्टी समोरासमोर सांगताना मी हमरीतुमरीवर येतो, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

तर मुद्दा पाण्याचा. आपलं भांडणही पाण्याचंच होतं, म्हणून सुरुवातीलाच सांगतो की ते मी उकरून काढत नाही. (तुझ्या टाकीतून माझ्या मार्सेलिनाने दोन बादल्या घेतल्या होत्या. तू तीन म्हणतोस. ती आता नाही, म्हणून मी तीन धरायला तयार आहे.) तुझी टाकी अजून तिथेच आहे. तिचं कुलूप गंजून एकजीव झालं आहे आणि आत पाण्याचा थेंब नाही. तू गेलास तेव्हा आपल्या नळाला तासभर पाणी यायचं. मग वरच्या अंगाला त्या तीन इमारती उभ्या राहिल्या, बत्तीस-बत्तीस मजल्यांच्या, त्यांच्या गच्चीवर पोहायचा तलावही आहे म्हणतात. आपण पडलो लाइनच्या शेवटच्या टोकाला. आता दुपारी सव्वादोनला नळ खाकरतो, दोनतीन मिनिटं नुसती हवा सोडतो, मग करंगळीएवढी धार देतो आणि अडीचला बंद. तेवढ्यात जो भरेल त्याचं भरलं. सव्वादोनला आपल्या गावठाणात कोणी जेवत नाही, कोणी झोपत नाही. मरायचं असेल तरी अडीचनंतर मरतात.

हे शेवटचं मी विनोदाने लिहिलं, पण ते खरं आहे, आणि ते माझ्याच घरात झालं. मार्सेलिनाच्या मातीहून आम्ही परत आलो तेव्हा चार वाजले होते. सिमेटरीतून आलेल्या माणसांना हातपाय धुवायला दारात पाणी ठेवतात. मी पिंप उघडलं तर तळाला चार तांबे. शेजारच्या घरांतून मागावं, तर त्यांचंही तेच. साठएक माणसं दारात चपला काढून उभी राहिली, एकमेकांकडे बघितलं आणि तशीच आपापल्या घरी गेली. मला त्या दिवशी बायको गेल्याचं दुःख कमी आणि पाणी नसल्याची लाज जास्त वाटली, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे, की माझी पाळी येईल तेव्हा नळाला पाणी असावं. फार मोठं मागणं नाही. मी पार्ल्याच्या बिस्किटांच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं पॅकिंगला उभा होतो, मोठी मागणी करायची मला सवय नाही.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पाण्याच्या ऑफिसात तक्रार द्यायला गेलो (अकरावी तक्रार), तर भिंतीवर एक नोटीस दिसली. पन्नास किंवा जास्त कुटुंबं एकत्र आली, तर त्यांचं ‘स्वतंत्र पाणीवाटप क्षेत्र’ करता येईल. मोठ्या लाइनवरून थेट वेगळा पाइप, वेगळा व्हॉल्व्ह, वेगळं मीटर, आणि व्हॉल्व्हची चावी त्या क्षेत्राच्या कमिटीच्या हातात. वॉरेन, चावी आपल्या हातात! मी ती नोटीस चार वेळा वाचली. डोळ्यांमुळे दोनदा आणि आनंदामुळे दोनदा. मग चर्चच्या हॉलमध्ये मीटिंग बोलावली. सातजण आले. त्यातल्या चौघींना वाटलं होतं हाऊजीचा खेळ आहे, पण बसल्या बिचाऱ्या. मी एकमताने अध्यक्ष झालो, कारण दुसरं कोणी खुर्चीवरून उठलंच नाही. क्षेत्राची हद्द दहा मिनिटांत ठरली, तळ्याकाठच्या क्रूसापासून खालच्या क्रूसापर्यंत. नाव ठरायला दीड तास लागला. कुठल्या संताचं नाव द्यायचं ह्यावर दोन तट पडले. शेवटी कोलासोंची म्हातारी म्हणाली, सेंट अँथनी हरवलेली वस्तू शोधून देतो, आणि पाणी हरवलेलंच आहे. तिच्यापुढे कोणाचं चालणार? तेव्हा ‘सेंट अँथनी पाणीवाटप क्षेत्र, चिंचपाखाडी’. दुसऱ्याच दिवशी मी रबरी शिक्का करून घेतला. अर्ज अजून लिहिला नव्हता, पण शिक्का झकास झाला होता.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. अर्जाला कुटुंबांची यादी जोडायची होती, घर नंबर आणि कुटुंबप्रमुखाचं नाव. सह्या नंतर, तपासणीच्या वेळी. दारोदार फिरायला गुडघा तयार नव्हता, म्हणून मी चर्चच्या ऑफिसात जाऊन म्हटलं, गावठाणाच्या घरांची यादी असेल ती द्या. त्यांनी काळ्या पुठ्ठ्याची जाड वही दिली, घर नंबरवार, एकेका घराखाली नावं. पहिलं पान उघडलं आणि बघतो तर मार्सेलिनाचं अक्षर. तुला तिचं अक्षर आठवत असेल, प्रत्येक नावाखाली पट्टीने रेघ मारायची. ती चर्चच्या वह्या उतरवून द्यायची हे मला माहीत होतं, पण ती गेल्यानंतर तिचं अक्षर मी बघितलं नव्हतं. पुढचं पान उलटणं मला झालं नाही. तिने लिहिलंय म्हणजे त्यात चूक असायची नाही, असं म्हणून मी वही तशीच मिटली आणि नाक्यावरच्या टायपिंगवाल्याला दिली, प्रत्येक घराचं पहिलं नाव घे म्हणून सांगितलं. अठ्ठावन्न नावं झाली. वर शिक्का मारला. फाइल आत गेली आणि वीस दिवसांत मंजुरीच्या टप्प्याला आली. माझ्या अकरा तक्रारी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेल्या नव्हत्या, पण ही यादी धावली. तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. ती नोव्हेंबरची वही होती. प्रत्येक घराने पाकिटात घालून दिलेली आपापल्या मृतांची नावं, महिनाभर मिस्सात प्रार्थना करायला. चिंचपाखाडीत पाणी हवं म्हणून मी अठ्ठावन्न मृतांचा अर्ज केला होता.

तुला वाटेल, टाइप केलेली यादी तरी बघायची. बघितली रे. पण आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची खोड. डॉमनिक मिस्किटा म्हटलं की मला बँकेतला डॉमनिक दिसला, त्याचा एकोणीसशे ऐंशी साली गेलेला आजा डोळ्यांसमोर आला नाही. पास्कल दिसला, सांतान दिसला, सगळी नावं ओळखीची, आणि आपल्या घरापर्यंत पोचायच्या आधीच मोतीबिंदूने डोळे थकले. ओळखीची असणारच होती.

तपासणी रविवारी ठेवली, दहाच्या मिस्सानंतर, म्हणजे सगळे आयते सापडतील. ऑफिसच्या उत्तरा मॅडम आल्या, ज्युनियर इंजिनियर, दिंडोशीहून रिक्षाने, काखोटीला फाइल मारून. चर्चच्या अंगणातल्या क्रूसाजवळ टेबल टाकलं, त्यावर मार्सेलिनाने विणलेला टेबलक्लॉथ घातला (माझीच हौस), फादर ॲलन शेजारी बसले, माणसं उन्हात उभी राहिली. मॅडमनी यादी वाचायला घेतली. ‘घर नंबर एक, पास्कल डिमेलो.’ आता तू आपल्या म्हाताऱ्यांना ओळखतोस. चर्चच्या अंगणात, फादर बाजूला, आणि कोणीतरी ह्या वहीच्या क्रमाने नाव वाचतंय. वीसएक बायका एका सुरात म्हणाल्या, ‘प्रभो, ह्याला चिरशांती दे.’ मॅडमनी मान वर करून बघितलं. ह्या लोकांत हजेरी अशी देत असतील, असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी नावापुढे टिक केली. ‘घर नंबर दोन, सांतान रॉड्रिग्ज.’ ‘प्रभो, ह्याला चिरशांती दे.’ टिक. फादर माझ्याकडे बघायला लागले. मी वर आंब्याच्या झाडाकडे बघायला लागलो. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पाप आलं. मला वाटलं, चाललंय ते चालू दे. आपली माणसं आहेत, ह्याच घरांत राहिली, ह्याच विहिरींचं पाणी प्यायली, गेल्यावर एवढं एक काम केलं तर बिघडलं कुठे? सोळा टिका झाल्या. मग ‘घर नंबर सतरा, लॉरेन्स परेरा’ असं आपल्या बापाचं, पापाचं नाव आलं, आणि सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणालो, ‘प्रभो, ह्याला चिरशांती दे.’ सवय, दुसरं काय.

पुढच्या नावाला मात्र सगळ्या गप्प झाल्या. (ते नाव कोणाचं, ते इथे लिहीत नाही.) मॅडमनी घर नंबरासकट पुन्हा वाचलं. ‘हजर नाहीत का?’ मॅडमनी विचारलं. कोलासोंची म्हातारी पुढे झाली आणि म्हणाली, ‘नय बाय, त्याच्यासाठी नय म्हनायचा. तो जिवंत हाय.’

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. ‘आणि बाकीचे?’

फादरांनी खालच्या आवाजात त्यांना समजावून सांगितलं. मला वाटलं त्या मला फाडून खातील. पण त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, ‘काका, वाट लागली ना तुमची. महिनाअखेरपर्यंत नवीन यादी द्या. जिवंत माणसं, घरात राहणारी, प्रत्यक्ष हजर. पन्नास. एकोणपन्नास नाही चालणार.’ त्यांनी चहा घेतला नाही. चहाला पाणी नव्हतं, म्हणून मी आग्रहही केला नाही.

मग मी गुडघ्याला पट्टा बांधून दारोदार फिरलो. हे मी आधी केलं असतं तर ही वेळ आली नसती, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पाच दिवस लागले. वॉरेन, आपण लहानपणी संध्याकाळच्या रोझरीला घरोघर फिरायचो तेव्हा एका रात्रीत निम्मी घरंही व्हायची नाहीत, आठवतं? आता एकाहत्तर दारं आहेत आणि त्यातल्या बावीस दारांना कुलपं. कोणी मालाडला फ्लॅटमध्ये, कोणी कॅनडात, कोणी तुझ्यासारखं वसईला. एका घराच्या ओट्यावर पिंपळ उगवला आहे आणि त्यानेही पाण्यावाचून मान टाकली आहे. एका घरात चार मांजरं राहतात, त्यांची मी नोंद घेतली नाही, मोह झाला तरी. राहिली एकोणपन्नास कुटुंबं. तीन वेळा मोजली. फॅक्टरीत एकतीस वर्षांत माझ्या हातून एक पुडा कमी गेला नाही, आणि इथे एक कुटुंब कमी. घर नंबर बत्तीसमधली नवराबायको एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून ती दोन कुटुंबं धरावीत आणि दोन नळ द्यावेत, असा त्यांनी स्वतःहून प्रस्ताव दिला. दोघांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं. मॅडमना फोन केला तर त्या नाही म्हणाल्या. मी फिरून झाल्यावर आपल्या ओट्यावर बसलो आणि मला पहिल्यांदा नीट दिसलं, की मी पाण्यासाठी माणसं मोजायला निघालो होतो आणि माणसंच संपत आली आहेत. मला फार वाईट वाटलं. मार्सेलिना असती तर म्हणाली असती, आता तरी ऊठ आणि काहीतरी खा.

तर असं चाललं आहे. तुला उगाच कळवावं म्हणून कळवलं. ह्यात तू काही करावंस असं माझं म्हणणं नाही. ॲनेटला माझा सलाम सांग. प्रेशरची गोळी चुकवू नको म्हणावं. वाडीतल्या केळ्यांना सांभाळा, वसईला पाणी असतं तोवर माणसाने झाडं लावावीत.

तुझा (मानलास तर) भाऊ,
फ्रेडी
अध्यक्ष, सेंट अँथनी पाणीवाटप क्षेत्र (नियोजित)

ता. क. – सोबत एक फॉर्म आहे. जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करायची. बंद घराचा मालक परत येऊन राहणार असेल, तर त्याचं कुटुंब धरतात, मी मॅडमना विचारून घेतलं आहे. सतरा-अ म्हणजे तुझा अर्धा भाग अजून तुझ्याच नावावर आहे. तेव्हा पन्नासावं कुटुंब तू. वर ‘तुला उगाच कळवतो’ असं लिहिलं ते खरं नाही. येत्या रविवारी दहाच्या मिस्सानंतर प्रत्यक्ष हजर राहावं लागेल. कायमचं राहायला ये असं नाही म्हणत, तपासणीपुरतं ये. येताना फोटो असलेलं ओळखपत्र आण. तू जिवंत असल्याबद्दल ऑफिसची जरा जास्त खात्री पटवावी लागणार आहे. कारण खाली लिहितो.

दुसरा ता. क. – ज्या नावाला म्हाताऱ्या गप्प झाल्या ते नाव तुझं होतं. ‘घर नंबर सतरा-अ, वॉरेन परेरा.’ नोव्हेंबरच्या वहीत ते मी दिलं. चार वर्षांपूर्वी, मार्सेलिना गेली त्या साली. पाकिटात पापाचं, माईचं, मार्सेलिनाचं नाव लिहिलं आणि पेन हातातच होता. तू तिच्या मातीला आला नाहीस. भाऊ असा वागतो तर मला भाऊ नाही, असं म्हणून मी खाली तुझं नाव लिहिलं आणि मार्सेलिनाची शिस्त म्हणून घर नंबरसुद्धा घातला. वर्षावर्षाला वही पुढे चालते, नावं तीच राहतात, नवी तेवढी चर्चच्या ऑफिसात भरतात. मिस्सात घर नंबर वाचत नाहीत, नुसतं नाव. लोकांना वाटायचं तो दुबईत वारलेला सुतारांचा वॉरेन. म्हणजे गेले चार नोव्हेंबर आख्खं चिंचपाखाडी तुझ्या आत्म्याला शांती मागतं आहे. तुला वसईला कधी उगाच बरं वाटलं असेल, तर ते त्यामुळे. मॅडमनी घर नंबर वाचला आणि मी उघडा पडलो. फादरांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे नाव कोणी दिलं? मी हात वर केला. अडुसष्टाव्या वर्षी, शाळेतल्यासारखा.

तेव्हा मंजुळा फाटकात टोपली घेऊन उभी होती. वेसाव्याची मंजुळा, जी आपल्याला माई असल्यापासून मासे देते. ती म्हणाली, ‘मेला कसा म्हनतंस? तो आयलेला ना त्या दिवशी. सिमेटरीच्या गेटाभायेर उभा व्हता, माती पडंपर्यंत. मंग तसाच गेला.’ मी तिला म्हटलं, चार वर्षं सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तू विचारलंस कुठे? वॉरेन, तू आत का नाही आलास ते मला कळतं. मी तुला आत येऊ दिलं नसतं. तू आला होतास, आणि मी तुला मेलेल्यांत घातला. माझं चुकलं. हे वाक्य मी सहा कागदांवर लिहून फाडलं, हा सातवा आहे. फादर म्हणतात वहीतलं नाव असं कोणालाही खोडता येत नाही, मी खोडून घेतो म्हटलं तर त्यांनी वही ओढून घेतली. ज्याचं नाव आहे त्याने स्वतः यावं आणि खोडावं, म्हणतात. असा नियम कुठे लिहिला आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

तिसरा ता. क. – (शुक्रवारी.) हे पत्र तीन दिवस खिशात ठेवून फिरलो, पोस्टात टाकायचा धीर होईना. आज ऑफिसचं पत्र आलं. उत्तरा मॅडमनी वर रदबदली केली, पण वरच्यांनी ऐकलं नाही. ‘प्रथम यादीत मृत व्यक्तींची नावे देऊन कार्यालयाची दिशाभूल केल्यामुळे सदर अर्ज निकाली काढण्यात येत आहे. पुन्हा अर्ज करता येणार नाही.’ म्हणजे क्षेत्र गेलं, व्हॉल्व्ह गेला, चावी गेली. माझ्यामुळे. मी क्रूसाजवळ उभा राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. कोणी मला एक शब्द बोललं नाही, कोलासोंच्या म्हातारीने तर घरी बोलावून पेज वाढली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला आहे. आपला नळ आता मी असेपर्यंत सव्वादोनलाच खाकरणार.

तेव्हा सोबतच्या फॉर्मवर सही करू नकोस. पन्नासावं कुटुंब आता कोणालाच नको आहे, रविवारी तपासणी नाही, ओळखपत्र लागणार नाही. तुझ्या येण्याचा कोणाला काही उपयोग नाही. तू ये. ॲनेटलाही घेऊन ये. मी दुपारचं जेवण करून ठेवतो, फक्त वसईहून निघताना पाण्याचे दोन कॅन तेवढे भरून आणा.

फ्रेडी